पाच झांजकरी

चोवीस सेकंदांचा भोंगा वाजला तेव्हा चेंडू वामनच्याच हातात होता.

बास्केटबॉलमध्ये चेंडू ताब्यात आला की चोवीस सेकंदांच्या आत तो बास्केटकडे टाकावा लागतो, नाहीतर समोरच्यांना देऊन टाकायचा. एखाद्या वेळी असं झालं तर कोणी मनावर घेत नाही. पण अमरावतीच्या 'अंबानगरी' संघाचं त्या संध्याकाळी हे फार वेळा झालं होतं. वामनने चेंडू भास्करला दिला, भास्करने गंधारला, गंधारने परत वामनला. पास असे सुरेख की पाहणाऱ्याने डोळे मिटून मान डोलवावी. आणि बास्केट बिचारी वर टांगलेली, कोरडीच.

"घ्या! पुन्हा चेंडू दान," शेखर पिंपळकरने कपाळावर हात मारला. "काहून शूट नाही करत हे? तुझी पोरं म्हणजे लग्नाच्या पंगतीतले सोयरे आहेत, कालिंदी. 'आधी तुम्ही घ्या.' 'छे छे, आधी तुम्ही.' बासुंदी संपली तरी ताटं रिकामीच!"

कालिंदी निमदेव हसली नाही. ती पडद्यावरच्या वामनकडे पाहत होती. संघातला सगळ्यांत बुटका खेळाडू, मान खाली घालून बाकाकडे निघाला होता. सामना हरला होता. ठाण्याच्या क्लबचे मॅनेजर रेगे यांचा निरोप लगेच पडद्यावर उमटला : "भजनी मंडळाला नमस्कार. रविवारी आपली गाठ आहे. टाळ आणायला विसरू नका, प्रसाद आमच्याकडून."

"रविवारी हरलो तर?" शेखरने विचारलं. उत्तर त्यालाही ठाऊक होतं.

"तर ही पाचही पोरं पुसली जातील," कालिंदी म्हणाली.

हे पुसणं म्हणजे काय, ते समजायला 'पंचम' हा खेळ थोडा समजून घ्यायला हवा. घरबसल्या बास्केटबॉलचा संघ चालवायचे ऑनलाइन खेळ पूर्वीही होते, पण त्यांतले खेळाडू म्हणजे नुसते आकडे : उंची इतकी, नेम इतका, दम इतका. आकडा वाढवला की खेळाडू सुधारला. 'पंचम'मध्ये तसं नव्हतं. तिथला प्रत्येक खेळाडू म्हणजे नखाएवढी एक चिप होती, आणि ती खरोखर शिकायची. चेंडू चुकला, पास अडला, गडी निसटला, की त्या चिपमधल्या बारीक बारीक जोडण्यांचा विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध किंचित कमीजास्त व्हायचा. पायवाट जशी चालून चालून पडते, तसं ते शिक्षण त्या पदार्थात मुरायचं. शिवाय कारखान्यातून निघताना कोणतीही चिप दुसरीसारखी निघत नसे. प्रत्येकीत कुठेतरी एक खडबडीतपणा राहायचा, आणि शिकणं त्या खडबडीतपणाला धरूनच व्हायचं. त्यामुळे एका चिपमधलं शहाणपण उचलून दुसरीत ओतता येत नसे. एका गळ्यातला सूर काढून दुसऱ्या गळ्यात कुठे घालता येतो?

म्हणजे वामन एकच होता. त्याची नक्कल कुठेही ठेवता येत नव्हती. चिपा मोजक्या, संघ मागणारे लोक फार. म्हणून लीगने नियम केला होता की ज्या क्लबला हंगामात दहा विजय मिळणार नाहीत, त्याच्या चिपांची पाटी कोरी करून त्या नव्या माणसांना द्यायच्या. अंबानगरीचे विजय नऊवर अडले होते आणि रविवारचा सामना शेवटचा होता.

आता मॅनेजरच्या हातात काय? सामना सुरू झाला की त्याने तोंड उघडायचं नाही. त्याच्या हातात फक्त सराव. कोणाला कुठे उभं करायचं, कोणाबरोबर, किती वेळ, आणि सरावात माइकमधून त्यांना काय ऐकवायचं, एवढंच. सगळ्या क्लबांना सरावाची वेळ सारखी. तेव्हा शहाणे मॅनेजर एक खेळाडू निवडत, त्याला एकाच जागी उभा करत आणि हंगामभर एकच गुण घोटवून घेत. वेळ वाटली की ताक पातळ होतं, असं त्यांचं म्हणणं.

कालिंदीने मात्र ही पद्धत कधी धरली नाही. तिचं शिक्षण वेगळ्या जागी झालं होतं.

तिचे वडील गोपाळबुवा निमदेव, गाव ज्यांना नाना म्हणतं, ते गेली पन्नास वर्षं नारदीय कीर्तन करत आले. बुवा पुढे उभे, डोक्याला पागोटं, हातात चिपळ्या. बाजूला पेटी आणि तबला. आणि मागे झांज घेऊन कालिंदी. आठव्या वर्षापासून तिची जागा तीच. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, केसांत एखादी चंदेरी रेघ आली, तरी एकादशीला ती नानांच्या मागे उभी असायचीच. तिचं काम धृपद धरायचं. बुवा पद म्हणता म्हणता निरूपणात शिरतात, रंग चढतो, श्वास कमी पडू लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी धृपदाची ओळ मागच्याने उचलायची असते. उशीर केलात तर गाण्याला भोक पडतं. घाई केलीत तर बुवांच्या पायात पाय. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. बुवांची पाठ वाचावी लागते. ज्याने ते सुख एकदा अनुभवलं, सबंध मंडप एका श्वासावर तरंगताना ज्याने ऐकला, त्याला देव कुठे आहे असं विचारायची गरज उरत नाही.

तेच कालिंदीने आपल्या पाच पोरांना शिकवलं होतं. सरावात ती माइकजवळ झांज घेऊन बसायची. एकाची चाल अर्धी झाली की ती झांजेचा ठोका द्यायची आणि दुसऱ्याने ती चाल उचलायची. पोरं शिकलीही अशी की देशभर त्यांच्या पासांची वाखाणणी होई. शिवाय न शिकवलेलंही ती शिकली. कालिंदी झांज वाजवण्याआधी कपाळाला लावते. वामन फ्री थ्रो, म्हणजे कोणी आडवं न येता मिळणारा नेम, टाकण्याआधी चेंडू कपाळाला लावू लागला. चिपेला सरावाच्या कॅमेऱ्यातून जे दिसतं, तेही मुरतं.

हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात अंबानगरीने भल्याभल्यांना लोळवलं. मग एका हुशार मॅनेजरच्या लक्षात आलं की ही पोरं बास्केटखाली अगदी मोकळा गडी सापडेपर्यंत टाकतच नाहीत. त्याने आपल्या गड्यांना सांगितलं, नुसते पासांच्या वाटेत उभे राहा. झालं. तेव्हापासून एकही विजय नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेखर आकडे घेऊन घरी आला. तो कालिंदीचा शाळेपासूनचा मित्र, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, आणि क्लब दोघांनी मिळून काढला होता. नाना चहाची बशी हातात धरून पडद्यावर कालचा सामना पाहत होते. आजवर त्यांनी या खेळाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, पण पोरीने रात्री जेवताना वाटीतल्या वरणालाही हात लावला नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"हा बुटका कोण?" नानांनी विचारलं.

"वामन, नाना."

"गुणी आहे. मान बघ त्याची. ऐकतोय तो." नानांनी चहाचा घोट घेतला, आणखी थोडा वेळ पाहिलं आणि बशी खाली ठेवली. "सगळेच गुणी आहेत. पण बुवा कुठाय?"

"म्हणजे?"

"अगं, पाच झांजकरी उभे केलेस. पाचही जण धृपद धरायला टपलेत. पद कोण म्हणणार?"

शेखरने टाळी वाजवली. "नाना, तुमच्या तोंडात साखर! माझे आकडे हेच सांगून राहिले. भास्करला करा बुवा. उंच आहे, नेम बरा आहे. आठवडाभराचा सगळा सराव त्याच्या एकट्याच्या शूटवर ओतू."

"मग करा की भास्करला," नाना म्हणाले.

कालिंदीने मान हलवली. "एकच बुवा असला तर रेगे त्याचाच गळा धरतील. दोन गडी भास्करच्या अंगावर सोडले की कीर्तन आटोपलं." ती थोडा वेळ झांजेच्या दोरीशी चाळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "नाना, कीर्तनाच्या आधी लोक नमस्कार करतात, तो तुम्हाला का?"

"मला कशाला? नारदाच्या गादीला. तिच्यावर जो उभा असेल त्याला. मागच्या महिन्यात दर्यापूरच्या त्या चिमुरडीने कीर्तन केलं, तर या म्हाताऱ्याने तिचे पाय धरले की नाही?"

"मग आपण गादीच ठेवू," कालिंदी म्हणाली. तिने पडद्यावर बोट ठेवलं : बास्केटसमोर, फ्री थ्रोच्या रेघेच्या मधोमध. "ही गादी. या जागेवर ज्याच्या हातात चेंडू येईल तो बुवा. त्याने टाकायचाच. बाकीच्या चौघांनी त्याचं धृपद धरायचं. आज भास्कर, उद्या वामन, पाचही जण."

"अगं बाई, एका आठवड्यात पाच जण?" शेखर कळवळला. "एकाचा सराव पाचांत वाटलास तर प्रत्येकाच्या वाट्याला तीर्थाएवढा येईल. तेवढ्यात काय मुरणार?"

"किती मिळालं त्यावर मुरतं, की झोपेत काय उगाळलं त्यावर?"

शेखरने आकडे बाजूला ठेवले. कारण 'पंचम'च्या चिपा खरं शिकायच्या त्या झोपेत. सराव संपला की त्यांना विसावा असे, आणि त्या विसाव्यात दिवसभराचे प्रसंग त्या आतल्या आत पुन्हा पुन्हा खेळत. आपला मेंदूही झोपेत असंच काही करतो. भूलभुलैयात दिवसभर धावलेला उंदीर झोपेत तीच वळणं पुन्हा धावतो, हे शास्त्रज्ञांनी केव्हाच पाहून ठेवलंय. पण चिपा सगळंच उगाळत नसत. जे अपेक्षेप्रमाणे घडलं ते सोडून देत. अंदाज जिथे सपशेल चुकला, जिथे दचकायला झालं, तो क्षण मात्र शंभरदा घोळवत.

"म्हणजे त्यांना दचकवायला हवं," शेखर पुटपुटला. त्याने सरावाची जुनी चित्रणं उघडली, एकेक पुढे सरकवली, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "कालिंदी, हे बघ. दोन हंगाम. प्रत्येक सरावात आधी कोणीतरी हलतं आणि मग तुझी झांज वाजते. मग तुझा आवाज येतो. एकदाही तू आधी नाहीस. 'चल' म्हणून तू एकदाही म्हटलेलं नाहीस." त्याने पडद्यावरच्या पाचांकडे बोट केलं. "ती पाच पोरं नाहीत गं. तूच आहेस ती. पाच वेळा."

कालिंदीने हातातल्या झांजेकडे पाहिलं. 

नानांनी याआधी किती वेळा म्हटलं असेल, एकदा तू उभी राहा, मी मागे बसतो. दर वेळी तिचं उत्तर एकच : तुम्ही आहात ना. मागची जागा तिला गोड होती. आणि आता नानांचा दम वर्षभर कमी कमी होत चालला होता, तरी ती त्यांच्या पाठीआडून बाहेर यायचं नाव घेत नव्हती.

"मला नाही जमायचं, नाना," ती हळूच म्हणाली.

"तू नाही म्हणालीस तर वामन कसा हो म्हणेल?" नाना उठले. त्यांनी तिच्या हातातली झांज काढून घेतली आणि कोनाड्यातल्या चिपळ्या तिच्या हातात ठेवल्या.

बैठकीच्या खोलीत लाल सतरंजी अंथरली. शेखरने माइक आणि कॅमेरा तिच्याकडे वळवला. पडद्यावर पाच पोरं सरावाला उभी होती, नेहमीसारखी, कोणीतरी आधी हलेल याची वाट पाहत. कालिंदी सतरंजीवर उभी राहिली, आणि नाना वाकले.

ती चटकन मागे सरली. "नाना! काय करता हे?"

"तुला नाही, गादीला. सरक पुढे. उभी राहा सरळ."

नानांनी स्वतः बांधलेलं एक पद होतं, घरातच म्हणायचं, साधं. त्याचं धृपद एवढंच : 'तू हो पुढे, मागे मी उभा आहे.' कालिंदीने ते हजारदा उचललं होतं, सुरू कधीच केलं नव्हतं. पहिल्या शब्दाला आवाज चिरकला. दुसऱ्याला थरथरला. चिपळ्या वाजल्या त्या तालाच्या अलीकडे. पण ओळ अर्ध्यावर आली, श्वास तोकडा पडू लागला, आणि मागून नानांच्या जुन्या, घासलेल्या आवाजाने ती अलगद उचलली. तिला पाठीवर हात पडल्यासारखं वाटलं. कधी नव्हे ते कळलं की पुढे उभं राहणारा एकटा नसतो. पुढची ओळ तिने मोकळ्या गळ्याने घेतली, आणि घेता घेताच म्हणाली, "चल, वामन!"

पडद्यावर पाचही पोरं थबकली होती. वामनच्या हातात चेंडू होता आणि त्याने तो कोणालाही दिला नव्हता.

सकाळी शेखरचा फोन आला. "झोपेतली नोंद पाहिली. अख्ख्या हंगामातलं काही नाही उगाळलं गं पोरांनी. तुझा तो एकच 'चल' घोळवून राहिले. पाचही जण!"

आठवडाभर रोज तेच चाललं. संध्याकाळी कालिंदी सतरंजीवर, नाना मागे झांज घेऊन, आणि पडद्यावर पाळीपाळीने एकेक जण गादीवर. भास्कर धीट झाला. गंधारने चेंडू टाकला तो बास्केटच्या दोन हात बाजूला, आणि नानांनी "वा!" म्हटलं. "अहो, चुकलाय तो," शेखर म्हणाला. "चुकू दे. म्हणाला तरी!" वामनने मात्र सरावात एकदाही टाकला नाही. गादीवर यायचा, चेंडू धरायचा, आणि शेवटच्या घटकेला देऊन टाकायचा.

रविवारी सामना सुरू झाला. कालिंदीने माइक बंद केला आणि झांज मांडीवर ठेवून बसली. नाना शेजारी. पहिल्या भागात पोरं जुन्या सवयीने एकमेकांना वाढत बसली, ठाणे पुढे निघून गेलं, आणि रेग्यांचा निरोप आला : "टाळ ऐकू येत नाहीत. आवाज बसला का?"

मग गंधारला गादीवर चेंडू मिळाला आणि त्याने टाकला. आत गेला. मग भास्करने. रेग्यांचे गडी पासांच्या वाटा अडवून उभे होते. त्या वाटा आता रिकाम्याच होत्या. ते घाईने हलले, दोघे भास्करवर धावून गेले. तोवर दुसराच कोणी गादीवर आला होता. कोण टाकणार हे ठाण्याला कळेना, कारण पाचांपैकी कोणीही टाकू शकत होतं. फरक घटत घटत एका गुणावर आला. शेवटचा चेंडू अंबानगरीचा.

तो फिरत फिरत वामनकडे आला. वामन गादीवर उभा होता. भास्करभोवती दोघे, गंधारसमोर एक. घड्याळ पळत होतं. वामनने भास्करकडे पाहिलं, गंधारकडे पाहिलं.

"दे रे कोणाला तरी," शेखर दात आवळून म्हणाला.

"नाही," कालिंदी म्हणाली. ऐकायला वामन नव्हता, तरी म्हणाली.

वामनने चेंडू कपाळाला लावला. धावत्या सामन्यात, अंगावर गडी येत असताना! शेखरने डोळे झाकून घेतले. वामनने उडी घेतली आणि चेंडू टाकला.

चेंडू कड्यावर आपटला आणि बाहेर उसळला.

पण भास्कर तोवर हवेत होता. चेंडू उसळेल की नाही हे कळायच्या आधीच त्याचे पाय जमिनीवरून सुटले होते. वामनचे खांदे पाहूनच त्याने ओळखलं होतं की हा श्वास शेवटपर्यंत पुरायचा नाही. त्याने चेंडू तिथल्या तिथे, दोन गड्यांच्या डोक्यांवरून, बोटांनी परत आत ढकलला. भोंगा वाजला तेव्हा जाळी हलत होती.

"धृपद!" नाना ओरडले आणि खोकल्याने वाकले, पण खोकतानाही हसत होते. "काय उचललंय! अगं, काय उचललंय!"

कालिंदी पडद्याकडे पाहत होती. भास्करने बास्केट केली होती, आणि तो स्वतः धावत वामनकडे निघाला होता. पाचही जण त्या बुटक्याभोवती जमले. नेम चुकलेल्या माणसाचा असा सत्कार लीगमध्ये कोणी पाहिला नव्हता.  माझी पोरं, तिच्या मनात आलं. पुढेही माझी.

रेग्यांचा निरोप आला, या वेळी चेष्टा नव्हती : "मॅडम, मनापासून अभिनंदन. शेवटच्या क्षणी त्या छोट्याला टाकायला कसं शिकवलंत?"

शेखरने आधी "प्रसाद पोचला का?" असं टाइप केलं होतं. कालिंदीने ते पुसलं आणि लिहिलं, "मी आधी शिकले."

एकादशीला राममंदिरात नेहमीची गर्दी होती. पेटी-तबला लागला, समया उजळल्या. नाना पागोटं न घालताच आले आणि सरळ मागे जाऊन झांज घेऊन उभे राहिले. नारदाच्या गादीवर कालिंदी होती. जमलेल्यांनी वाकून नमस्कार केला, पुजाऱ्यांनी तिला बुक्का लावला, हार घातला. या वेळी ती मागे सरली नाही. पहिल्या रांगेत शेखर मांडी घालून बसला होता, मांडीवर टॅबलेट, त्यात बाकावर पाच पोरं ओळीने ऐकायला बसलेली.

नमन झालं, नामाचा गजर झाला. कालिंदीने पद घेतलं. आवाज आता चिरकत नव्हता. निरूपण चढत गेलं, सभा हलेनाशी झाली, आणि एका लांबलेल्या ओळीच्या टोकाला तिचा श्वास सरत आला. तिने मागे वळून पाहिलं नाही. ओळ मागून उचलली गेली होती.

खांबाशी बसलेल्या मनूताई दाणी बरेच महिने मुलीकडे राहून परत आल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मध्यंतरात, बुक्क्याचं ताट फिरत असताना, झांज पुसत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "गोपाळबुवा, ही तुमची कालिंदी ना हो? किती छान! तुमची मुलगीच ना?"

नानांनी झांज कपाळाला लावली.

"आज नाही, मनूताई," ते म्हणाले. "आज त्या बुवा आहेत. मी त्यांचा झांजकरी."